प्रोग्रॅमच्या पोटातील दप्तर

विंडोज एक्सपी ही प्रणाली ज्या काळी घरोघरी आणि कचेरीकचेरीत नांदत होती, त्या काळी तिच्याबरोबर येणारा सॉलिटेअर हा एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव ज्याने कधी मांडला नाही असा संगणक वापरणारा मनुष्य विरळाच. परंतु पडद्यावर उलटणारी ती बदामराणी आणि तो इस्पिकगुलाम ही चित्रे डिस्कवर नेमकी कोठे ठेवली आहेत याचा शोध घेण्याचे ज्याच्या मनात आले असेल, त्याने सारी फोल्डरे पालथी घातली असती तरी पत्त्याच्या चित्राची एकही स्वतंत्र फाईल त्याच्या हाती लागली नसती. बावन्न पाने आणि त्यांच्या पाठीवरील नक्षी हा सगळा ऐवज 'कार्ड्स डॉट डीएलएल' नावाच्या एकाच, कंपाइल केलेल्या फाईलच्या पोटात होता. १९९० साली विंडोज ३.० बरोबर हा खेळ प्रथम आला, तेव्हा त्याची पाने सुझन केअर या चित्रकर्तीने रेखाटली होती. प्रत्येक पान ७१ पिक्सेल रुंद आणि ९६ पिक्सेल उंच. ही चित्रे आत गेली कशी, खेळ सुरू झाल्यावर ती प्रोग्रॅमला सापडत कशी, आणि एखाद्या जिज्ञासूने ती बाहेर काढावयाची ठरविली तर त्याला काय काय करावे लागते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रोग्रॅम म्हणजे केवळ आज्ञांची मालिका, ही समजूत पाठ्यपुस्तकांपुरती खरी आहे. प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या प्रोग्रॅमला आज्ञांखेरीज आयकॉन लागतात, मेन्यू लागतात, प्रश्नोत्तरांच्या चौकटी लागतात, सूचनांची वाक्ये लागतात, क्वचित ध्वनी, फॉन्ट, किंवा एखादा संपूर्ण तक्ता लागतो. आणि हे सारे सामान सुट्या फाईलींच्या रूपाने बरोबर दिले, तर त्यांतील एखादी प्रवासात गहाळ होणे, कोणी तिचे नाव बदलणे, किंवा जुन्या आवृत्तीची फाईल नव्या प्रोग्रॅमपाशी येऊन बसणे, हे प्रकार ठरलेलेच. म्हणून हे सामान प्रोग्रॅमच्याच फाईलीत भरावे असा विचार पुढे आला. भरणे, खरे पाहता, अवघड नाही, कारण फाईल म्हणजे अखेर बाइटांची रांग, आणि एका रांगेला दुसरी रांग जोडता येते. परंतु पेशवे दप्तरातील कागद ज्याप्रमाणे रुमालात बांधलेले असतात आणि रुमाल कितीही जपून बांधला तरी त्याची यादी नसेल तर आतला कागद असून नसल्यासारखाच, त्याप्रमाणे प्रोग्रॅमच्या पोटात ठेवलेल्या फाईलीचे सारे मोल तिच्या नोंदीवर अवलंबून असते. आत काय आहे, कोणत्या प्रकारचे आहे, कोठून सुरू होते आणि किती लांब आहे, या चार गोष्टींची नोंद कोणी आणि कशी ठेवली, यावरच त्या फाईलीचे पुढचे सारे भवितव्य ठरते, असे माझे मत आहे.

ही नोंद पद्धतशीरपणे ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकात दिसतो. जानेवारी १९८४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची मेमरी १२८ किलोबाइट आणि त्याच्या फ्लॉपीची क्षमता ४०० किलोबाइट होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत चित्रमय पडदा चालवावयाचा, तर प्रत्येक चित्र आणि प्रत्येक मेन्यू लागेल तेव्हा आत आणणे आणि नको असेल तेव्हा सोडून देणे भागच होते. ब्रूस हॉर्न या अभियंत्याने त्यासाठी 'रिसोर्स मॅनेजर' रचला. मॅकिंटॉशवरील प्रत्येक फाईलीला दोन शाखा असत, एक मजकुराची व एक रिसोर्सची, म्हणजे चित्रे, मेन्यू अशा सामानाची; आणि दुसऱ्या शाखेतील प्रत्येक जिनसाला चार अक्षरांचे प्रकारनाम आणि एक क्रमांक दिलेला असे. या योजनेची व्याप्ती इतकी होती की प्रोग्रॅमच्या आज्ञादेखील 'कोड' या प्रकारनामाचे रिसोर्स म्हणूनच साठविल्या जात, आणि अनेक प्रोग्रॅमांची मजकूरशाखा उघडून पाहिली तर ती चक्क रिकामी असे! रिसएडिट नावाच्या साधनाने कोणीही मेन्यूतील शब्द बदलू शके, त्यासाठी मूळ प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नसे, आणि त्यामुळे प्रोग्रॅमचे भाषांतर हे काम प्रोग्रॅमरच्या हातून सुटून भाषांतरकाराच्या हाती येऊ शकले. दोष एवढाच की दोन शाखांची फाईल ही मॅकिंटॉशच्या सरहद्दीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्या जातीच्या संगणकावर ती पाठविली की रिसोर्सची शाखा वाटेतच गळून पडे, आणि म्हणून मॅकबायनरी व बिनहेक्स यांसारख्या पद्धतींनी दोन्ही शाखा एकत्र बांधूनच फाईली पाठवाव्या लागत.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने, जी नोव्हेंबर १९८५ मध्ये प्रथम आली, रिसोर्सची कल्पना घेतली, पण स्वतंत्र शाखेचा मार्ग घेतला नाही. सारे सामान एकाच फाईलीत राहिले. तेथील आजची वहिवाट अशी आहे. प्रोग्रॅमर 'आरसी' या आडनावाची एक साधी मजकूर-फाईल लिहितो, तीत अमुक क्रमांकाचा आयकॉन अमुक फाईलीतून घ्यावा, अमुक क्रमांकाचे चित्र तमुक फाईलीतून, असा तपशील असतो. रिसोर्स कंपायलर त्यावरून 'रेस' फाईल तयार करतो. आणि लिंकर ती प्रोग्रॅमच्या आज्ञांबरोबर अंतिम फाईलीत गुंफतो. प्रकारांना ठरीव क्रमांक आहेत: कर्सर १, चित्र २, आयकॉन ३, मेन्यू ४, चौकट ५, वाक्ये ६, आणि ज्याला कोणताच ठरीव प्रकार लागू पडत नाही अशा, प्रोग्रॅमरच्या मर्जीच्या बाइटांसाठी क्रमांक १०, ज्याला 'आरसीडेटा' म्हणतात. संकुचित केलेली फाईल, ध्वनी, तक्ता, किंबहुना दुसरा संपूर्ण प्रोग्रॅमसुद्धा या दहाव्या क्रमांकाखाली निमूटपणे ठेवता येतो. डेल्फी या भाषेत रचलेल्या प्रोग्रॅमांच्या खिडक्यांचा आराखडाही याच क्रमांकाखाली साठविलेला असतो.

१९९३ मधील विंडोज एनटीपासून चालत आलेल्या, प्रोग्रॅम-फाईलींच्या 'पीई' फॉर्मॅटमध्ये या साऱ्या सामानाला 'आरएसआरसी' नावाचा स्वतंत्र विभाग दिलेला आहे, आणि त्याची सूची तीन पायऱ्यांची आहे: पहिल्या पायरीवर प्रकार, दुसरीवर नाव किंवा क्रमांक, तिसरीवर भाषा. ही तिसरी पायरी मला फार मोलाची वाटते. एकाच चौकटीच्या, एकाच क्रमांकाखाली, अनेक भाषांतील प्रती शेजारी शेजारी ठेवता येतात. हिंदीचा क्रमांक १०८१, मराठीचा ११०२, कोंकणीचा ११११. आणि प्रोग्रॅमने केवळ 'चौकट क्रमांक १०० दे' एवढे म्हटले की प्रणाली वापरणाऱ्याच्या भाषेची प्रत शोधते, आणि ती नसल्यास दुसऱ्या भाषेच्या प्रतीवर काम भागविते. मराठी प्रत घालावयाची म्हणून आज्ञांची एक ओळही बदलावी लागत नाही. आपल्या भाषेत संगणक बोलावा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की मराठीसाठी ही जागा सूचीत राखून ठेवलेली आहे. ती भरण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

चालत्या प्रोग्रॅमने आपल्याच पोटातील जिन्नस वाचण्याची रीत चार हाकांची आहे. पहिली हाक सूचीत नोंद शोधते, दुसरी तो जिन्नस मेमरीत असल्याचा हवाला देते, तिसरी त्याच्या पहिल्या बाइटाचा पत्ता देते, आणि चौथी त्याची लांबी सांगते. जुन्या १६-बिट विंडोजमध्ये दुसरी हाक खरोखरच डिस्कवरून सामान उचलून आणीत असे आणि काम झाल्यावर ते परत सोडण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर असे. पुढे सारी फाईलच मेमरीच्या नकाशावर मांडली जाऊ लागली आणि तिचा जो भाग वाचला जाईल तेवढाच प्रत्यक्षात आत येऊ लागला, तेव्हा 'आण' व 'सोड' या हाका नावापुरत्या उरल्या. मिळालेला पत्ता केवळ वाचण्यासाठी असतो, हे मात्र विसरून चालत नाही. जिनसात बदल करावयाचा असेल तर आधी त्याची प्रत करून घ्यावी लागते.

आता बाहेरून, म्हणजे प्रोग्रॅम न चालविता, त्याची फाईल उघडून आतील सामान काढावयाचे झाल्यास काय होते ते पाहू. आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या कामात उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा याच ठिकाणी अडतो. सूचीतील प्रत्येक नोंद आठ बाइटांची असते, आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीकडे नेणारी अंतरे विभागाच्या आरंभापासून मोजलेली असतात. परंतु तिन्ही पायऱ्या उतरून आपण जेव्हा शेवटच्या, सोळा बाइटांच्या नोंदीपाशी येतो, तेव्हा तीत लिहिलेले जिनसाचे स्थान विभागाच्या आरंभापासूनही नसते आणि फाईलीच्या आरंभापासूनही नसते. प्रोग्रॅम मेमरीत मांडल्यावर त्याच्या पायाच्या पत्त्यापासून ते मोजलेले असते. मेमरीत विभाग सामान्यतः ४०९६ बाइटांच्या कप्प्यांवर सुरू होतात, फाईलीत ५१२ च्या; सबब दोन्हींतील स्थानांत तफावत पडते, आणि विभागांच्या तक्त्यात पाहून विभागाचे मेमरीतील स्थान वजा करून त्याचे फाईलीतील स्थान मिळविल्याखेरीज हाती खरा बाइट लागत नाही. हा हिशेब ज्याने केला नाही त्याला बदामराणीऐवजी अर्थहीन ठिपक्यांचे पटल दिसते.

तरीही हिशेब बरोबर करून काढलेले चित्र फाईलीत लिहिले, तर चित्र दाखविणारा कोणताही प्रोग्रॅम ते उघडावयास नकार देतो. याचे कारण असे की चित्र आत घालताना रिसोर्स कंपायलरने त्याच्या शिरावरचे १४ बाइटांचे हेडर काढून टाकलेले असते. 'मी चित्रफाईल आहे, माझी एकूण लांबी इतकी, आणि रंगांचे ठिपके इतक्या अंतरावर सुरू होतात' एवढेच ते हेडर सांगते, आणि सूचीत प्रकार व लांबी नोंदलेली असल्यामुळे आत त्याची गरज नसते. बाहेर काढणाऱ्याने ते पुन्हा रचून द्यावयाचे असते. सोळा रंगांच्या चित्रात, उदाहरणार्थ, १४ बाइटांचे हे हेडर, त्यामागे चित्राच्या मापांचे ४० बाइट, त्यामागे सोळा रंगांचे प्रत्येकी चार याप्रमाणे ६४ बाइट, मिळून ११८. तेव्हा ठिपके ११८ व्या स्थानापासून सुरू होतात असे त्यात लिहावे लागते. आयकॉनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आयकॉनच्या एका फाईलीत लहानमोठ्या मापांची अनेक चित्रे असतात. आत जाताना ती विलग होतात, प्रत्येक चित्र प्रकार ३ खाली स्वतंत्र क्रमांक घेऊन राहते, आणि त्यांना बांधून ठेवणारी यादी प्रकार १४ खाली जाते. मूळ फाईलीतील यादीची प्रत्येक नोंद १६ बाइटांची असून तिच्या शेवटच्या चार बाइटांत चित्राचे अंतर असते. आतल्या यादीची नोंद १४ बाइटांची, आणि शेवटच्या दोन बाइटांत चित्राचा क्रमांक. म्हणजे तीन चित्रांचा आयकॉन परत जुळवावयाचा तर क्रमांकावरून चित्रे गोळा करावयाची, सहा बाइटांच्या मथळ्यामागे सोळा-सोळाच्या तीन नोंदी लिहावयाच्या, आणि पहिले चित्र ५४ व्या स्थानापासून मांडावयाचे. वाक्ये तर सोळा-सोळांच्या गठ्ठ्यांत असतात: शंभराव्या क्रमांकाचे वाक्य सातव्या गठ्ठ्यात, चार वाक्ये ओलांडल्यावर पाचवे. दहाव्या प्रकारचा ऐवज मात्र जसाच्या तसा आत जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो. अँगस जॉन्सन यांचे 'रिसोर्स हॅकर' यासारखे साधन हे सारे हिशेब आपोआप करते, आणि सेव्हन-झिपनेही अशा फाईलीचा आरएसआरसी विभाग उघडून पाहता येतो. तरीपण आत गेलेली वस्तू आणि बाहेर काढावयाची वस्तू एकच नसते, हे ज्याला कळले त्यालाच त्या साधनांचे काम समजले.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. रिसोर्स म्हणून आत ठेवलेली वस्तू गुप्त राहते अशी समजूत पुष्कळांची असते, आणि तिच्या भरवशावर काही प्रोग्रॅमर पासवर्ड व परवान्याच्या चाव्या प्रोग्रॅमच्या पोटात ठेवतात. सूची ज्या अर्थी सर्वांना ज्ञात असलेल्या रीतीने लिहिलेली आहे, त्या अर्थी तिच्यातून काहीही लपत नाही. तो तिचा उद्देशच नव्हे. याच उघडेपणामुळे दुष्ट प्रोग्रॅमांची उत्तरीय तपासणीदेखील शक्य होते. ऑगस्ट २०१२ मध्ये सौदी अरामको या तेलकंपनीचे संगणक पुसून टाकणाऱ्या शमून या प्रोग्रॅमचे सारे भाग रिसोर्सच्या रूपाने आत बसविलेले होते. प्रमाणपत्रांच्या क्षेत्रातील 'पीकेसीएस१२', 'पीकेसीएस७' आणि 'एक्स५०९' ही सभ्य नावे त्यांना दिलेली होती, आणि पहिल्या नावाखाली डिस्क पुसणारा भाग दडविला होता. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमची रचना तर थरावर थर अशी होती: जाळ्यातून पसरणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमच्या पोटात १८३१ क्रमांकाचा रिसोर्स म्हणून दुसरा प्रोग्रॅम, त्या दुसऱ्याच्या पोटात २०५८ क्रमांकाचा रिसोर्स म्हणून पासवर्डबंद झिप फाईल, आणि त्या झिप फाईलीत खंडणीचा मजकूर २८ भाषांत. झिपचा पासवर्ड त्याच प्रोग्रॅमच्या बाइटांत उघडा लिहिलेला असल्याने तपासणाऱ्यांना तो शोधण्यास श्रम पडले नाहीत.

हीच युक्ती सज्जनांच्या हातीही आहे. मार्क रुसिनोविच यांच्या प्रोसेस एक्सप्लोररची ३२-बिट फाईल आपल्या पोटात ६४-बिट प्रत बाळगते, संगणक ६४-बिटचा असल्याचे दिसले की ती तात्पुरत्या फोल्डरात काढते आणि सूत्रे तिच्या स्वाधीन करते; वापरणाऱ्याला कोणती प्रत घ्यावी हा विचारच करावा लागत नाही. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे रिसोर्सच्या रचनेवरून ठरत नाही. त्यासाठी फाईलीवरील अंकीय सहीची मोहोर पाहावी लागते. ही मोहोर रिसोर्सच्या बाइटांनाही व्यापते, म्हणून सही केलेल्या प्रोग्रॅमचा केवळ आयकॉन जरी कोणी बदलला, तरी मोहोर फुटल्याचे पडताळणीत दिसून येते.

युनिक्सच्या परंपरेत मात्र अशी सूचीच नाही. तेथील एक जुनी रीत अशी की फाईलीच्या प्रत्येक बाइटाचे आकड्यांत रूपांतर करून त्याची सी भाषेतील एक लांबलचक मालिका लिहावयाची आणि ती प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करावयाची. 'एक्सएक्सडी' हे साधन ही मालिका आणि तिची लांबी आपोआप लिहून देते, आणि एक्स विंडो प्रणालीतील एक्सबीएम या चित्रांचा तर फॉर्मॅटच मुळी सी भाषेचा मजकूर आहे. रीत सोपी, पण खर्चिक: एका बाइटाला शून्य, एक्स, दोन अंक, स्वल्पविराम आणि मोकळी जागा अशी सहा अक्षरे लागतात, म्हणजे एक मेगाबाइटाच्या चित्राचा सहा मेगाबाइट मजकूर होतो, आणि कंपायलरला त्यातील प्रत्येक अंक पुन्हा वाचून तपासावा लागतो. दुसरी रीत लिंकरलाच फाईल देण्याची. तो तिच्या आरंभाला, शेवटाला आणि लांबीला अशी तीन नावे निर्माण करतो. परंतु ती नावे लिंकरला दिलेल्या फाईलीच्या मार्गावरून बनविलेली असल्यामुळे फाईल दुसऱ्या फोल्डरात हलविली की नावे बदलतात. त्यातच 'लांबी' या नावाचे मोल त्याच्या पत्त्यात असते, त्या पत्त्यावर काहीच ठेवलेले नसते, आणि हे ठाऊक नसल्याने तेथे वाचावयास गेलेला प्रोग्रॅम कोसळतो.

सी भाषेच्या प्रमाणग्रंथाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सी२३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीत यासाठी 'एम्बेड' हा निर्देश अखेर दाखल झाला. एका ओळीत फाईलीचे नाव लिहिले की तिचे बाइट मालिकेत येतात, आणि कंपायलरला अंकांच्या मजकुरातून जाण्याची गरज उरत नाही. इतकी साधी सोय भाषेत यावयास अर्धशतक लागावे याचे मला वाईट वाटते. तथापि या निर्देशाने फक्त बाइट मिळतात. नाव, प्रकार, भाषा यांचा दाखला त्यांच्याबरोबर येत नाही, तो ठेवावयाचा तर प्रोग्रॅमरने आपला तक्ता आपणच लिहावा. गो भाषेने फेब्रुवारी २०२१ मधील १.१६ या आवृत्तीत यापुढचे पाऊल टाकले: तेथे संपूर्ण फोल्डर आत घेता येते, आणि प्रोग्रॅमला ते फाईलींच्या नावांसह, एखाद्या छोट्या डिस्कसारखेच वाचता येते. फाईल शेवटची केव्हा बदलली याची तारीख मात्र आत घेतली जात नाही; तेच साहित्य दोन वेगळ्या दिवशी कंपाइल केले तरी बाइटन्‌बाइट तोच प्रोग्रॅम तयार व्हावा, हा लाभ त्यामुळे साधतो. त्याची किंमत अशी की या रीतीने चित्रे पोटात घेतलेला वेब सर्व्हर ब्राउझरला 'ही फाईल अमुक दिवशी बदलली' असे सांगू शकत नाही; आणि चित्र तेच आहे हे ओळखण्याची दुसरी काही खूण प्रोग्रॅमरने स्वतः दिली नसेल, तर न बदललेले चित्रही पुन्हा पुन्हा पाठवावे लागते.